जादूनगरीचा लेखक, प्रकाशक आणि विक्रेता

अमेरिकेतील मोंटाना राज्यात, पॅराडाइज व्हॅली नावाच्या डोंगराळ खोऱ्यात राहणाऱ्या एका मुलाने वयाच्या पंधराव्या वर्षी कादंबरी लिहायला घेतली. मामाच्या शेतावर वाढलेला एक पोरका मुलगा, त्याला रानात सापडलेला निळा दगड आणि तो दगड फुटून बाहेर आलेले ड्रॅगनचे पिल्लू, असे तिचे कथानक होते. क्रिस्टोफर पाओलिनी हे त्या मुलाचे नाव आणि ‘एरागॉन’ हे त्या कादंबरीचे. घरात आई-वडिलांचा छोटासा प्रकाशन व्यवसाय होता. त्यांनी २००२ मध्ये हे पुस्तक स्वतःच छापले. नकाशे मुलानेच काढले होते. पुढे गाजले ते त्याचे यश. पण खरी गोष्ट आहे ती त्या आधीच्या वर्षाची. मध्ययुगीन शिलेदाराचा पोशाख चढवून हा तरुण शाळा, वाचनालये आणि पुस्तकांच्या दुकानांतून हिंडत राहिला. २००२ आणि २००३ च्या आरंभीचे महिने मिळून त्याने १३५ हून अधिक कार्यक्रम केले. त्याच सुमारास कार्ल हायासेन हे प्रसिद्ध कादंबरीकार सुटीसाठी मोंटानात आले असता त्यांच्या सावत्र मुलाने हे पुस्तक विकत घेतले आणि ते त्याला कमालीचे आवडले. हायासेन यांनी आपल्या प्रकाशकाकडे, नॉफ या संस्थेकडे, शब्द टाकला. ऑगस्ट २००३ मध्ये ‘एरागॉन’ नव्याने, बरीच काटछाट होऊन बाजारात आले आणि बालवाचकांच्या खपाच्या यादीत अव्वल स्थानी जाऊन बसले.

स्वतःचे पुस्तक स्वतः काढू पाहणाऱ्या नव्या लेखकांना ही कहाणी हमखास सांगितली जाते. सांगताना १३५ कार्यक्रमांचा भाग मात्र घाईघाईने उरकला जातो. छापील पुस्तकाच्या काळात जे खरे होते, ते ई-पुस्तकाच्या काळात अधिकच खरे ठरले आहे. पुस्तक प्रसिद्ध करणे आता एका संध्याकाळचे काम आहे. ते एखाद्या दहा वर्षांच्या वाचकापर्यंत पोहोचवणे हे पूर्वीइतकेच, किंबहुना पूर्वीपेक्षा कठीण झाले आहे.

जुनीच वाट

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणे म्हणजे दुय्यम दर्जाचे काम, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. बालसाहित्याचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही. ‘ॲलिस इन वंडरलँड’ १८६५ मध्ये मॅकमिलन या नामांकित संस्थेतर्फे निघाले असले, तरी छपाईचा भार लुईस कॅरल यांनी स्वतः उचलला होता. चित्रकार जॉन टेनिएल यांना पहिली छपाई पसंत पडली नाही, तेव्हा दोन हजार प्रतींची ती आवृत्ती मागे घेण्याचा भुर्दंडही कॅरल यांनीच सोसला. बिअॅट्रिक्स पॉटर यांची ‘पीटर रॅबिट’ ही ससोबाची गोष्ट अनेक प्रकाशकांनी नाकारली. त्यांनी डिसेंबर १९०१ मध्ये तिच्या २५० प्रती स्वखर्चाने छापून घेतल्या आणि पुढच्याच वर्षी फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशकाने ती रंगीत स्वरूपात काढली. पुस्तक लहान मुलांच्या हातात मावेल एवढेच असावे आणि त्याची किंमतही बेताची असावी, हा पॉटरबाईंचा आग्रह होता. आजच्या भाषेत याला ‘विपणन’ म्हणतात. याच मार्गाने अगदी अलीकडे गेलेले उदाहरण म्हणजे यॉर्कशायरमधील एक धर्मगुरू जी. पी. टेलर. त्यांनी आपली मोटारसायकल विकून ‘शॅडोमॅन्सर’ छापले आणि २००३ मध्ये फेबर या संस्थेने ते घेतले.

ॲमेझॉनने नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल हे वाचनयंत्र आणि त्यासोबत लेखकांना थेट पुस्तक चढवता येईल अशी सोय आणली. हीच सोय २०११ पासून किंडल डायरेक्ट पब्लिशिंग, अर्थात केडीपी, या नावाने ओळखली जाते. जून २०१० मध्ये लेखकाला ७० टक्के मानधन देण्याची योजना आली आणि चित्र पालटले. मिनेसोटातील अमांडा हॉकिंग या तरुणीने एप्रिल २०१० मध्ये आपल्या नाकारल्या गेलेल्या कादंबऱ्या किंडलवर टाकल्या. ट्रोल या दंतकथेतील प्राण्यांवर बेतलेली तिची किशोरांसाठीची त्रिवेणी कादंबरीमालिका तुफान चालली. वर्षभरात तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती गेल्या आणि मार्च २०११ मध्ये सेंट मार्टिन्स प्रेस या प्रकाशनसंस्थेने चार पुस्तकांसाठी तिच्याशी सुमारे २० लाख डॉलरचा करार केला. गंमत अशी, की स्वयंप्रकाशनाची ही राणी मुखपृष्ठे, मजकुराची मांडणी आणि पत्रव्यवहार यांत आठवडा संपतो, लिहायला वेळ उरत नाही, या कारणाने प्रकाशकाकडे गेली.

ग्राहक एक, वाचक दुसरा

हॉकिंगचे वाचक किशोरवयीन आणि तरुण होते; त्यांच्या हाती स्वतःचे यंत्र आणि काही प्रमाणात स्वतःचे पैसे होते. आठ ते बारा वर्षांच्या मुलांचे तसे नाही. त्यांच्यासाठी पुस्तक निवडतात शिक्षक, ग्रंथपाल, मावशी-आत्या. पैसे देतात आई-वडील. आणि वाचायचे की नाही ते ठरवते मूल. तीन वेगवेगळ्या माणसांचे समाधान करावे लागणारा हा व्यवसाय आहे. त्यातही बरेच पालक ‘मोबाइल खाली ठेव आणि पुस्तक वाच’ असे बजावत असताना मोबाइलवरचेच पुस्तक त्यांना विकायचे, ही ई-पुस्तकाच्या लेखकाची खरी अडचण. म्हणूनच लहान मुलांसाठी लिहिणाऱ्याने ई-पुस्तकाकडे अंतिम मुक्काम म्हणून पाहू नये, असे आमचे मत आहे. ते चाचणीचे मैदान आहे. तिथे वाचक मिळाले, की मागणीनुसार छपाईच्या तंत्राने शे-दोनशे छापील प्रती काढून शाळांकडे जाता येते.

विक्रीपानावरची माहितीही या दोन ग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवूनच भरावी लागते. केडीपीवर वाचकाची वयोमर्यादा नोंदवता येते, शोधशब्दांसाठी सात रकाने मिळतात आणि २०२३ पासून तीन वर्गवाऱ्या निवडता येतात. नवखे लेखक शोधशब्दांत आपले नाव, पुस्तकाचे नाव आणि ‘उत्कृष्ट’, ‘अद्भुत’ अशी विशेषणे भरतात. ज्याने लेखकाचे नावच ऐकलेले नाही, तो ते शोधणार कसा? ‘दहा वर्षांच्या मुलांसाठी साहसकथा’, ‘राक्षस आणि जादूची गोष्ट’ असे जे शब्द एखादी आई खरोखर टंकलिखित करील, तेच तिथे हवेत.

मुखपृष्ठासाठी २५६० गुणिले १६०० पिक्सेल हे माप सुचवलेले असते. पण पडद्यावर ते प्रथम दिसते ते टपाल तिकिटाएवढे. त्या आकारात किल्ला, चेटकीण, घुबड, चंद्र आणि नायकाचे चार मित्र एकमेकांत मिसळून जातात. एक ठळक आकृती आणि वाचता येईल असे शीर्षक पुरेसे आहे.

याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे नमुना. विकत घेण्यापूर्वी पुस्तकाचा आरंभीचा सुमारे १० टक्के भाग फुकट वाचता येतो. आपल्याकडे अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश आणि मान्यवरांचे अभिप्राय अशी वरात निघाल्यावर मग नवरदेव येतो. छोट्या पुस्तकात नमुन्याचा सगळा भाग त्यातच संपतो आणि पोराला राक्षस भेटतच नाही. हे सारे शेवटी नेण्यात कोणाचाही अपमान नाही.

किमतीचे गणित

अमेरिकी बाजारात ७० टक्के मानधनासाठी किंमत २.९९ ते ९.९९ डॉलर या मर्यादेत ठेवावी लागते. त्याखाली-वर गेल्यास ३५ टक्केच मिळतात. म्हणजे ९९ सेंटच्या पुस्तकामागे लेखकाच्या हाती जेमतेम ३५ सेंट पडतात. पण बालपुस्तकाच्या बाबतीत आणखी एक अट घात करते. ७० टक्क्यांच्या योजनेत पुस्तक ग्राहकाच्या यंत्रावर पाठवण्याचा खर्च धारिकेच्या वजनानुसार लेखकाच्या वाट्यातून कापला जातो. अमेरिकेत हा दर मेगाबाइटला १५ सेंट आहे. नुसत्या मजकुराची कादंबरी एका मेगाबाइटच्या आत बसते, त्यामुळे कपात नगण्य. रंगीत चित्रांनी भरलेले १० मेगाबाइटचे पुस्तक २.९९ डॉलरला ठेवले, तर दीड डॉलर आधीच वजा होतो आणि उरलेल्याचे ७० टक्के म्हणजे सुमारे १ डॉलर ४ सेंट मिळतात. ३५ टक्क्यांच्या योजनेत हा खर्च कापला जात नाही; तिथे याच पुस्तकाचे १ डॉलर ५ सेंट होतात. म्हणजे मोठा टक्का निवडून पदरात काहीच जास्त पडत नाही. चित्रे कमी, रेषाचित्रे अधिक आणि धारिका हलकी, हे बालकादंबरीसाठी सोयीचे धोरण आहे.

भारतातील विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर केडीपी सिलेक्ट या योजनेत नाव घालावे लागते. तिची मुदत ९० दिवसांची असते. या काळात ई-पुस्तक दुसरीकडे कोठेही, अगदी मोफतसुद्धा, ठेवता येत नाही. फक्त १० टक्क्यांपर्यंतचा नमुना अन्यत्र देता येतो. छापील प्रतींवर बंधन नसते. ही अट मराठी लेखकांना विशेष बाधते. कारण अनेकांनी आपली कथामालिका आधी प्रतिलिपीसारख्या मंचावर हप्त्याहप्त्याने टाकलेली असते किंवा ई साहित्य प्रतिष्ठानमार्फत विनामूल्य वाटलेली असते. तो मजकूर तिथून काढल्याशिवाय या योजनेत येणे नियमभंग ठरते. मोबदल्यात मिळते ते हे: प्रत्येक ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक मोफत ठेवण्याची मुभा आणि किंडल अनलिमिटेड या वर्गणीच्या वाचनालयात प्रवेश. भारतात ही सेवा २०१५ पासून आहे. त्याच वर्षीच्या जुलैपासून लेखकाला तिथे वाचल्या गेलेल्या पानांच्या हिशेबाने पैसे मिळतात. मूल तिसऱ्या प्रकरणात कंटाळले, तर तेवढ्याच पानांचे पैसे. इतका निष्ठुर समीक्षक मराठी साहित्यात दुसरा नसेल!

पाच मोफत दिवस सलग पहिल्याच आठवड्यात उधळून टाकण्याची चूक सर्रास होते. त्या वेळी पुस्तकावर एकही अभिप्राय नसतो. फुकट घेतलेली बरीचशी पुस्तके वाचलीच जात नाहीत. मालिकेचा दुसरा भाग तयार असेल, तेव्हा पहिला मोफत ठेवण्यात अर्थ आहे. अन्यथा गोडी लावून ताट काढून घेतल्यासारखे होते.

तऱ्हेवाईक अक्षरे

डिसेंबर २०१६ मध्ये ॲमेझॉनने हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्यासोबत मराठी पुस्तकांची सोय किंडलवर केली. त्यापूर्वी मराठी ई-पुस्तके होतीच. बुकगंगासारख्या विक्रेत्याने त्यांची बाजारपेठ उभी केली होती. ‘चांदोबा’ वाचत वाढलेल्या आणि रत्नाकर मतकरींच्या ‘निम्मा शिम्मा राक्षस’ला हसलेल्या महाराष्ट्रात अद्भुतकथेला वाचक नाही, असे कोणी म्हणू नये.

तांत्रिक अडथळा आहे तो लिपीचा. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा जुन्या टंकांत अक्षरजुळणी केलेले हस्तलिखित ई-पुस्तकात चालत नाही; ते युनिकोडमध्ये आणावे लागते. परिवर्तक हे काम क्षणात करतो, पण जोडाक्षरांत गफलती करून ठेवतो. ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’ या शब्दांमधला अर्धा ‘र’ हा तर हमखास बळी. मोठा वाचक असा शब्द अंदाजाने वाचून पुढे जातो. नुकते सलग वाचू लागलेले मूल तिथेच अडते. त्यामुळे परिवर्तनानंतरचे मुद्रितशोधन साध्या मोबाइलच्या पडद्यावर, अक्षर लहान-मोठे करून, पहिल्यापासून शेवटपर्यंत करणे भाग आहे. नकाशाचीही तीच गत. कागदावर दोन पानांवर पसरलेला जादूनगरीचा नकाशा मोबाइलवर मुंग्यांच्या वारुळासारखा दिसतो. त्याचे तीन-चार तुकडे करून संबंधित प्रकरणांच्या आरंभी द्यावेत.

चित्र कोणाचे?

लेखकाचा स्वामित्वहक्क लिहिताक्षणी निर्माण होतो. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार नोंदणी सक्तीची नाही आणि हक्काची मुदत लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे आहे. वाद उद्भवतो तो चित्रांवरून. ओळखीतल्या चित्रकाराला चार-पाच हजार रुपये दिले, चित्रे मिळाली, संपले, असे बहुतेक लेखक धरून चालतात. पण याच कायद्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क हस्तांतर लेखी असावे लागते. लेखी करारात मुदत नमूद नसेल, तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश नमूद नसेल, तर हस्तांतर केवळ भारतापुरते. म्हणजे पुस्तक जगभर विकायला ठेवणाऱ्या लेखकाला परदेशातल्या विक्रीत आपल्याच मुखपृष्ठाचा हक्क नाही, असे होऊ शकते. छापील, ई-पुस्तक, ध्वनिपुस्तक, प्रसिद्धीचे साहित्य, मुदत आणि प्रदेश यांचा उल्लेख असलेला एक पानी करार पुरतो. त्यात चित्रकाराचे नाव कोठे छापले जाईल हेही असावे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेली चित्रे स्वस्त पडतात, म्हणून त्यांकडे ओढा वाढला आहे. सप्टेंबर २०२३ पासून केडीपीवर अशा मजकुराची व चित्रांची माहिती पुस्तक चढवताना जाहीर करावी लागते. अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘झार्या ऑफ द डॉन’ या चित्रकादंबरीबाबत मजकूर आणि मांडणी यांचा हक्क मान्य केला. यंत्राने घडवलेल्या चित्रांचा नाकारला. आपल्या नायकाचा चेहराच आपल्या मालकीचा नसणे, हे मालिका लिहू इच्छिणाऱ्याला परवडणारे नाही.

आयएसबीएन क्रमांकाच्या नावाखाली अनेकांची लूट होते. नवी दिल्लीतील राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून भारतीय लेखकाला तो विनामूल्य मिळतो, आणि केडीपीवरील ई-पुस्तकाला त्याची गरजही नसते. तरीही ‘आयएसबीएनसह संपूर्ण पॅकेज’ म्हणून हजारो रुपये आकारणारे पुष्कळ आहेत. असे पॅकेज घेण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: विक्रीचे खाते कोणाच्या नावावर असेल? ते लेखकाच्या नावावर नसेल, तर विक्रीचा आकडा त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागतो.

दारोदार

प्रसिद्धीची बहुतेक हत्यारे बालपुस्तकाच्या बाबतीत बोथट ठरतात. मुलांना थेट जाहिरात करणे अनुचित तर आहेच, शिवाय आता कायदाही आड येतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे. तिची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती आणि बालकांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना मनाई, अशा तरतुदी त्यात आहेत. तेव्हा वाचकसंघासाठी मुलांची नावे, वाढदिवस आणि दूरध्वनी क्रमांक गोळा करणारे अर्ज वाटू नयेत. पत्ता घ्यायचा तो पालकांचा.

अभिप्रायांच्या बाबतीत मोह मोठा असतो. ॲमेझॉनच्या नियमांनुसार नातलग आणि निकटच्या मित्रांचे अभिप्राय चालत नाहीत, विकतचे तर नाहीतच. किंडलवर दहा लाख प्रती विकणारे पहिले स्वयंप्रकाशित लेखक जॉन लॉक यांनी अभिप्राय विकत घेतल्याचे २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले आणि त्यांच्या कीर्तीला कायमचा डाग लागला. पुस्तकाची प्रत आधी विनामूल्य देता येते. अभिप्रायाची अट घालता येत नाही. वीस शिक्षकांना आणि ग्रंथपालांना प्रत पाठवली आणि त्यांपैकी पाच जणांनी मनापासून चार ओळी लिहिल्या, तर आरंभ चांगला झाला म्हणावे.

मुलांना सामील करून घेण्याचा उत्तम नमुना जे. के. रोलिंग यांनी २०२० मध्ये घालून दिला. टाळेबंदीच्या काळात ‘द इकाबॉग’ ही कथा त्यांनी मे ते जुलैदरम्यान प्रकरणाप्रकरणाने विनामूल्य प्रसिद्ध केली आणि वाचक मुलांकडून चित्रे मागवली. निवडक चित्रांसह पुस्तक नोव्हेंबरमध्ये निघाले. रोलिंग यांचे नाव आपल्याकडे नाही, हे खरे. पण एका शाळेच्या पाचवीच्या वर्गाला ‘या राक्षसाचे चित्र काढा’ असे सांगायला नाव लागत नाही. पालकांच्या लेखी परवानगीने ती चित्रे पुढच्या आवृत्तीत घेता येतात.

महाराष्ट्रात शाळेच्या दारात शिरण्यासाठी दिनदर्शिकाच मदतीला येते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २ एप्रिलचा आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन या सुमारास शाळा आणि वाचनालये वक्त्यांच्या शोधात असतात. दोन महिने आधी पत्र जावे. तिथे पुस्तक विकू नये, वाचून दाखवावे. पहिले प्रकरण बारा मिनिटांत संपेल आणि ऐन रंगात तुटेल अशी तयारी हवी. वर्गात चुळबुळ सुरू झाली ती ओळ पेन्सिलीने खूण करून ठेवावी. ई-पुस्तकाचा मोठा फायदा हा, की ती ओळ घरी येऊन दुरुस्त करता येते. बालभारतीच्या ‘किशोर’सारख्या मासिकात किंवा मुलांच्या दिवाळी अंकात त्याच जादूनगरीतली स्वतंत्र छोटी कथा छापून आली, तर ती कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक वाचक आणते. अनिवासी मराठी कुटुंबांचा विचारही अवश्य करावा. छापील पुस्तक मागवण्याचा खर्च टाळण्यासाठी ई-पुस्तक घेण्याचे सबळ कारण त्यांच्यापाशी असते, आणि मुलांशी मराठीत बोलण्यासाठी त्यांना काहीतरी हवेच असते.

परदेशी विक्री होणार असेल, तर केडीपीच्या खात्यातील करविषयक प्रश्नावली काळजीपूर्वक भरावी. भारत-अमेरिका करारानुसार तिथल्या मानधनावर १५ टक्के कर कापला जातो; पॅन क्रमांक देऊन कराराचा लाभ मागितला नाही, तर ३० टक्के. पैसे महिना संपल्यानंतर साधारण ६० दिवसांनी जमा होतात. म्हणजे दिवाळी नोव्हेंबरमध्ये आली, तर त्या विक्रीची रक्कम हाती पडेपर्यंत संक्रांत येऊन गेलेली असते. चित्रकाराचे पैसे त्या भरवशावर थकवू नयेत.

आणि पुस्तक चालले, एखाद्या प्रकाशकाचे पत्र आले, तर? रोलिंग यांनी ‘हॅरी पॉटर’चे डिजिटल हक्क स्वतःकडे राखले होते, म्हणूनच २०१२ मध्ये त्यांना ई-पुस्तके स्वतःच्या संकेतस्थळावरून विकता आली. नव्या लेखकाला एवढे ताणून धरता येणार नाही, पण छापील, डिजिटल, ध्वनी आणि अनुवाद हे चार हक्क एका सहीत देऊन टाकण्याचीही गरज नाही. केडीपी सिलेक्टची ९० दिवसांची मुदत आपोआप पुढे सरकते आणि पुस्तक विक्रीतून काढले तरी चालू मुदतीतील बंधन सुटत नाही. प्रकाशकाशी बोलणी सुरू होताच पहिल्यांदा ते स्वयंनूतनीकरण बंद करावे, आणि मुदत संपण्याची तारीख पाहून मगच करारावर तारीख घालावी.